मालकाच्या तोंडी ‘आपण’

मानवत,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. बन्सीधर यास अनेक आशीर्वाद.

फोनवरचे बोलणे पुढे कोणीही नाकारू शकतो, म्हणून हे पत्र. नाट्यस्पर्धेसाठी माझ्या नाटकातील तूसाँची भूमिका गंगाखेडच्या मंडळाने तुला दिल्याचे समजले. अभिनंदन. हैती बेटावर गुलाम म्हणून जन्मलेला आणि पुढे फ्रेंच सत्तेविरुद्धच्या उठावाचा पुढारी झालेला हा पुरुष मी दोन वर्षे अभ्यासला. तू त्याचे नाव अजून ‘तुसाण’ असे उच्चारतोस.

तूसाँ अंगाने किरकोळ होता, म्हणून दिग्दर्शिका प्राचीबाईंनी तुला निवडले म्हणे. ही माहिती त्यांना माझ्याच संहितेतून मिळाली. मला त्यांनी तूसाँच्या जुन्या मालकाचे काम देऊ केले आहे. देहयष्टी शोभते, असा निरोप आहे. तुझी वहिनी सकाळपासून हसते आहे.

प्रकृतीस जप. लोभ आहे, तूर्त एवढेच.

महारुद्र

गंगाखेड,
२५ नोव्हेंबर

ती. दादांना बन्सीधरचा शि. सा. न. वि. वि.

दादा, राग पाकिटावरच दिसला. डिंक लय जोरात दाबलाय. मी काम मागून घेतलं न्हाई हो. प्राचीबाई म्हणाल्या, बन्सीधरराव, तुमी नुसते उभे राहिलात तरी वाटतं, ह्याला कुणीतरी उपाशी ठेवलंय. आता साखर कारखान्यात सगळे मला ‘जनरल’ म्हणायलेत. घरी शीला म्हणते, जनरलसाहेब, आधी दळण आणा, मग बेट सोडवा.

तुमीच मालक करा. तुमच्याबिगर तिसरा अंक उभा राहत न्हाई. ज्याला जन्मभर अरे-तुरे केलं, त्याच्यापुढं मालक माफी मागायला येतो आन पहिल्यांदा ‘आपण’ म्हणतो. काय लिहिलंत दादा! अंगावर काटा आला.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा बन्सी

मानवत,
२ डिसेंबर

चि. बन्सीधर यास आशीर्वाद.

काम स्वीकारतो. एक दुरुस्ती मात्र करावी: तिसऱ्या अंकातील ‘आपण’ काढून तेथे ‘तू’ घालावे. पिढीजात मालकाचा ताठा एका भेटीत जात नाही, असे विचारांती वाटते. हा बदल केवळ कलेच्या दृष्टीने आहे. ज्याचे नाक मी पुसले, त्याला सबंध गंगाखेडसमोर ‘आपण’ म्हणावे लागेल, याच्याशी त्याचा संबंध नाही. तो शब्द लिहिताना तूसाँ मीच करणार, असे मी गृहीत धरले होते, याच्याशीही नाही.

दुरुस्ती केल्याचे कळवावे. लोभ त्यावर अवलंबून नाही, असे समजावे.

महारुद्र

गंगाखेड,
९ डिसेंबर

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

प्राचीबाई ऐकेनात. त्या म्हणाल्या, त्यो एक शब्द काढला तर एवढा उठाव केला कशाला त्यानं?

लय जड जात असंल तर अदलाबदल करू. तुमी तूसाँ व्हा, मी मालक होतो. मी तर जन्मापासून तुमाला अहो-जाहोच करायलोय. ‘आपण’ म्हणताना माझ्या मनाला काहीच लागणार न्हाई.

कळवा. रागावलात तरी आमाला धरून रागवा.

तुमचा बन्सी

मानवत,
१४ डिसेंबर

चि. बन्सीधर यास आशीर्वाद.

मनाला काहीच लागणार नाही, हे तुझे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. ज्याला काहीच लागणार नाही, त्याच्या तोंडी तो शब्द घालून उपयोग नाही. मालक मी करतो. संहिता आहे तशीच राहू दे.

महारुद्र

गंगाखेड,
२३ डिसेंबर

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस मालकाला! दादा, ते ‘आपण’ तुमच्या तोंडातून निघंचना. मला वाटलं, विसरलात. मी विंगेकडं बघायलो. मग निघालं, पायातला काटा उपटावा तसं. बायका रडल्या. बेट मी उठवलं, फ्रेंचांशी मी लढलो, आन टाळ्या माफी मागणाऱ्याला! खरं लिहितो, लय जळलो. शीला म्हणते, जनरलनं तोंड का पाडलंय?

रागवू नका. लहान आहे म्हणून सांभाळून घ्या.

तुमचा बन्सी

मानवत,
२८ डिसेंबर

चि. बन्सीधर यास अनेक आशीर्वाद.

माझ्या त्या थांबण्याला परीक्षकांनी अभिनय म्हटले. मी त्यांची चूक दाखवून दिलेली नाही. तूही दाखवू नये.

परभणीच्या प्रयोगासाठी भूमिका बदलायच्या का, असे प्राचीबाईंनी विचारले होते. मी नकार कळवला. तू जळतोस हे वाचून फार बरे वाटले. आपल्या घरात हे काम आजवर मी एकट्यानेच सांभाळले.

तुझा दादा,
महारुद्र