केरसुणीला ठोकलेले खिळे

सोमवार, ४

बाळे, तुझ्या आईचे गुडघे काय म्हणतात? जावईबापूंचा खोकला उतरला का? चिमणीचा दात पडला की अजून लोंबतोय? आणि तू धड बसून जेवतेस ना, की उभ्या उभ्या घास कोंबतेस? माझं झकास चाललंय. रोज थोडं लिहीन आणि शनिवारी होडीवाल्याबरोबर सगळी पानं एकदम धाडीन.

म्हातारपणी तुझ्या बापाला आख्खं जहाज मिळालंय, तेही आरमाराचं. समुद्रात तळाला दोराने बांधून पेरलेले सुरुंग, म्हणजे दारू भरलेले, आखूड शिंगांचे गोळे, काढणं हे हिचं काम. मागे लांब तार सोडायची, तार सुरुंगाचा दोर कापायची, सुरुंग वर आला की लांबून गोळी घालून फोडायचा. समुद्र झाडते म्हणून खलाशी हिला केरसुणी म्हणत. आता निवृत्त, माझ्यासारखीच. महिनाअखेरीस तोडायला ओढून नेणार. तोवर गळती बुजवायची आणि राखण करायची. इंजिन कधीच काढून नेलंय. खाडीच्या मधोमध जाड दोरांनी बांधून ठेवलीय. सगळी लाकडाची, आणि लाकूड असं की उगाच हात फिरवत बसावं.

मंगळवार, ५

हिच्यावर आयुष्य घालवलेला, खलाशांचा म्हातारा सारंग भेटायला आला. आल्या आल्या माझ्या हत्यारांच्या पेटीकडे बघून म्हणाला, मिस्त्री, आमच्या वेळी एवढं लोखंड आणलं असतंत तर कप्तानाने पेटीसकट तुम्हाला पाण्यात टाकलं असतं. म्हटलं, मला पोहता येतं, पेटीचं सांगत नाही. खूप हसला. मग सांगत बसला. सुरुंगाला जहाज दिसत नाही, लोखंड कळतं. म्हणून हिच्या अंगात खिळासुद्धा पितळी. कापलेले कितीतरी सुरुंग न फुटताच बुडाले. त्यांच्या डोक्यावरून ही वर्षानुवर्षं गेली आणि त्यांना पत्ताच नाही. जाताना फळीवर थोपटून म्हणाला, त्यांचा हिच्यावर फार राग असणार.

बुधवार, ६

तळाची एक फळी सुटून पाणी यायला लागलं. पितळी खिळे भंगारात गेलेले. धक्क्यावरच्या मुकादमाने लोखंडी धाडले, वर निरोप, की खिळा तो खिळा, लग्नाला जायचंय का तिला? मलाही पटलं. ठोकले. गळती थांबली. खूश होऊन मुकादमाने परवानगी दिली, रविवारी तुम्ही सगळे त्यांच्या पोलादी लाँचमधून इकडे या. तुला निरोप पोचलाच असेल. चिमणीला सुकाणू फिरवायला देणार आहे.

गुरुवार, ७

सकाळी खाली गेलो तर खिळ्यांची डोकी लाकडात बुडालेली. मी बरोबर फळीला लागून ठोकली होती, माझा हात ओळखतो मी. हातोडा, करवत, पटाशी पेटीतून निघून त्याच फळीला टेकून उभी. जहाज कललं असेल म्हणावं, तर ताटलीतलं पाणी सपाट.

दुपारी खालून आवाज. कुणी बाहेरून बोटाच्या पेराने फळी वाजवावी तसा. थांबून थांबून.

शुक्रवार, ८

भरदुपारी, ऊन स्वच्छ असताना पाहिलं. जहाजाभोवती पाण्यात गोल, शेवाळलेली डोकी. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या टकल्या माणसांसारखी. टकलांवर आखूड शिंगं. भरती आत येत होती, ती मात्र जागची हलली नाहीत. संध्याकाळी जवळ होती.

खिळे उपटायला गेलो. एकही निघेना. खालून कुणीतरी धरून ठेवलेत.

शनिवार, ९

होडीवाला अर्ध्यावर आला. लाकडी होडी, इंजिन मात्र लोखंडी. एक डोकं त्याच्याकडे वळलं. त्याने बघितलं आणि होडी फिरवली. ओरडून सांगत होतो, माझ्या माणसांना येऊ देऊ नका. ऐकलं की नाही —

लाकडी डबी केली. खिळा नाही, नुसता डिंक. आत चिठ्ठी, उद्या येऊ नका एवढीच. ओहोटीला सोडली.

रविवार, १०

पाणी रिकामं आहे. एकही डोकं नाही. फळीवरची टकटक थांबली. वाटलं, गेले.

मग धक्क्यावर लाँचचं इंजिन सुरू झालं —

तिकडे आहेत. सगळे तिकडे चाललेत. माझे चार खिळे काय, ती आख्खी पोलादाची —

लाँचमध्ये कुणीतरी पिवळ्या फ्रॉकमध्ये आहे. मी दोन्ही हात हलवून मागे जा, मागे जा म्हणतोय. तिला वाटतंय मी बोलावतोय. तीही हात हलवतेय.

ती तुम्ही नाही आहात. डबी पोचली असेल. कुणा दुसऱ्याचं पोर —

बाळे, पत्र मिळाल्याबरोबर लिही. दोनच ओळी. आई बरी आहे, चिमणी बरी आहे, आम्ही घरातून निघालोच नाही, एवढंच लिही, लवकर लिही, मी वाट बघ