फलकावरचा पाहुणा

अंबाजोगाई,
रविवार

प्रिय मृत्युंजय,

याआधी मी तुला पाठवलेलं पत्र महाविद्यालयाच्या शिक्क्याचं होतं. त्यात तू 'आदरणीय महोदय' होतास आणि मी 'समन्वयक, आंतरराष्ट्रीय वित्त परिषद'. त्या मजकुराचे मी कितीतरी खर्डे केले. एकाही खर्ड्यात सिरसाळ्याच्या शाळेतली आठवण येऊ दिली नाही. तुझ्या कार्यालयातून दोन ओळी आल्या : पूर्वनियोजित कामांमुळे येणं शक्य नाही. त्या तू लिहिल्या नसशील हे कळलं. निमंत्रण तुझ्यापर्यंत पोचलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूतही घातली.

सिंगापूरच्या बँकेत बसून तुला हसू येईल, पण परदेशातला एक तरी पाहुणा असल्याशिवाय आमची परिषद आंतरराष्ट्रीय होत नाही, आणि मूल्यांकन समितीला तो शब्द अहवालात लागतो. "मॅडम, तुमच्याच गावचा एवढा मोठा बँकर, अन् तुम्ही लाजता कावून?" असं प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले. मी अजून तासिका तत्त्वावर शिकवते. नाही म्हणण्याइतकी माझी पायरी नाही. शिवाय पाहुण्याच्या होकाराआधी फलक छापायची आमच्याकडे रीत आहे. छापलेलं नाव पाहुण्याला मोडवत नाही, असा प्राचार्यांचा अनुभव. 'सिरसाळ्याचे सुपुत्र' म्हणून तुझा फलक गावातही लागला. तुझा नकार आला, तेव्हा तो उतरवायला कोणी गेलं नाही.

तो नेमका तुझ्या अप्पांच्या दुकानासमोर होता. माझी आई शेळ्यांची पेंड अजून त्यांच्याकडूनच आणते, तिने सांगितलं. रिक्षावाला पप्पू म्हणाला म्हणे, "अप्पा, पोराचा फोटू दुकानापरीस मोठा झाला की!" आणि गेली पाच वर्षं तुझं नाव न काढणाऱ्या अप्पांनी त्या दिवशी दुकानात येईल त्याला चहा पाजला. गावी गेले की मी त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचून देते. 'हुशार लेकरू' म्हणतात मला. पाच वर्षांपूर्वी लग्नाचा विषय काढलास, त्या वेळी तू घरात मुलीचं नाव सांगितलं नव्हतंस, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. जात तेवढी विचारली होती. ती मुलगी मी होते, हे त्यांना आजही ठाऊक नाही. मीही सांगितलेलं नाही.

परिषद व्हायची तशीच झाली. नेपाळचे एक प्राध्यापक पडद्यावर आले, आवाज आला नाही, प्रमाणपत्रं वाटली गेली. दोन दिवसांची परिषद पहिल्या दुपारच्या जेवणाबरोबर आटोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकाम्या सभागृहात खुर्च्या मोजून परत करत होते, तेव्हा अप्पा दारात उभे. कपाळावर ताजी विभूती, धुवट धोतर, हातात फडक्यात बांधलेले धपाटे. "पैला दिवस तुमच्या सायब लोकांचा. म्हणलं दुसऱ्या दिवशी निवांत भेटंल. कुठं हाय मृत्युंजय?"

मी काय सांगायला हवं होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. परंतु त्या फडक्याकडे पाहून 'तो आलाच नाही' हे शब्द उच्चारता येईनात. मी म्हणाले, कालच गेले, अप्पा. विमानाची वेळ होती. भाषण फार छान झालं. त्यांना तेवढा तरी आनंद व्हावा, एवढाच माझा हेतू होता. त्यांनी एकदा रिकाम्या मंचाकडे पाहिलं. मग फडकं माझ्या हातात दिलं. "खा तू," म्हणाले, आणि एसटी धरायला निघून गेले.

तेव्हापासून दुकान बंद आहे. गोळ्या पुडीत तशाच पडून आहेत. आई भाकरी घेऊन गेली, तर म्हणाले, "रतनबाई, पोरगं आंबाजोगाईपतुर आलं आन् घरापतुर न्हाई आलं. मंग माझं काय ऱ्हायलं?" परवा मी जाऊन पाय धरले. मी खोटं बोलले, अप्पा, ते आलेच नव्हते, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझं मन राखायला लबाड बोलू नको, लेकरा. तुला जमत न्हाई ते."

न येणारा मुलगा त्यांनी इतकी वर्षं सोसला. येऊन न भेटणारा त्यांना सोसवत नाही. खोटं माझं एका वाक्याचं होतं, पण ते खोडणं आता माझ्या हातात नाही. अप्पांना एकदा फोन कर. क्षमा मागू नकोस, येतो असंही म्हणू नकोस. 'मी आलोच नव्हतो', एवढं खरं सांग. तू सांगशील असं मला वाटत नाही. हेही पाकीट तुझ्याऐवजी दुसरंच कोणी उघडेल. म्हणून या वेळी हाताने, मराठीत लिहिलं आहे. तिथे कोणाला वाचता आलं नाही, तर कदाचित तुझ्या टेबलावर आणून ठेवतील. आधार एवढाच आहे.

समन्वयक म्हणून नव्हे,
तुझीच,
सुकन्या