बालाजीचं नाव काढताना

९ नोव्हेंबर, रविवार. मुखेड.
उज्ज्वलावहिनी, बालाजीची बायको, आल्या होत्या. बालाजी जाऊन चार महिने झाले. सामाईक विहिरीच्या वाटेकऱ्यांसाठी त्याने केलेला प्रोग्रॅम अजून चालू आहे. दर गुरुवारी सकाळी सहाला त्याच्या फोनवर मेसेज येतो: 'बालाजी, आज तुझं पाणी. मोटार चालू कर.' फोन वाजला की त्याची आई, तुळजाबाई, मोटारीपाशी जाऊन बसते. तो येईल म्हणून.
वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फोनच बंद ठेवू का?"
छे, म्हणालो. इलाज मुळातून करायचा. यादीतून एक नाव काढायचं. दहा मिनिटांचं काम.

१० नोव्हेंबर, सोमवार.
बालाजीच्या प्रोग्रॅमचा प्रोजेक्ट माझ्या लॅपटॉपवरच्या एडिटरमध्ये इम्पोर्ट केला. प्रोग्रॅम चालायला जावा लागतं, आणि एडिटर ते शोधतो बालाजीच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये. माझ्या लॅपटॉपवर ते फोल्डर नाही. सेटिंग बदललं. प्रोजेक्ट पुन्हा लोड झाला. पुन्हा बालाजीचं फोल्डर.
लाईट गेली. नाहीतर आजच झालं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
ऑटो इम्पोर्ट बंद. 'बदल झाल्यास विचारा' ठेवलं. आता एडिटर विचारतो, बालाजीचं सेटिंग परत घेऊ का. मी 'नाही' दाबतो. थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. दुपारभर घरात मी एकटाच. खुर्ची भिंतीला टेकवून बसलो. भीतीने नाही, उजेडासाठी.
वाटेकरी हणमंतराव रस्त्यात भेटले. "काय रे, एक नाव काढायला किती दिवस करून राहिला?" कॉन्फिगरेशन आहे, म्हणालो. घाई चालत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३.
सापडलं. एडिटरचा दोष नाही. प्रोजेक्टमधल्याच एका फाईलमध्ये ती फोल्डरची ओळ आहे. तिच्यापुढे एडिटरच्या सेटिंगचं काही चालत नाही. ओळीच्या वर बालाजीची टीप: 'आनंद, याला हात लावू नको. आधी मला फोन कर.'
कॉलेजपासून आम्ही बरोबरीचे. टीप अनावश्यक आहे.
ओळ खोडली नाही.

४:१०
त्याचा नंबर लावला. तिसऱ्या रिंगला उचलला.
"हाव भाऊजी, बोला."
काम झालं, म्हणालो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
सहाला त्याचा फोन वाजला. सहा-पाचला माझा. वहिनी म्हणाल्या, "झालं म्हणला होता की तुम्ही. आत्या गेल्या बघा मोटारीपाशी."
मळ्यात गेलो. तुळजाबाई मोटारीपाशी बसली होती. माझ्याकडे न बघता विचारलं, "त्यानं धाडलं का तुला?"
हाव, म्हणालो.
"मग दाब की बटण."
दाबलं. मोटार पहिल्याच वेळी चालू झाली.