रशीदभाईंचे ब्रेक

२ मे, शुक्रवार

दुपारी दोनच्या उन्हात तांड्यावर ऑटो थांबला. रशीदभाई उतरले. बावीस वर्षांनी. आधी ओळखलंच नाही, दाढी पार पांढरी. हात पाहिले तेव्हा ओळखलं, नखांत तेच काळं ग्रीस. यवतमाळला लोहारा भागात त्यांचं गॅरेज. माझा ट्रक होता तोवर त्याला दुसऱ्या मिस्त्रीचा पाना लागला नाही. आज यष्टीने फुलसावंगीपर्यंत आले, पुढे ऑटो. या वयात, या उन्हात.

पाणी प्याले. म्हणाले, "हजले जाऊन राह्यलो, रामधनभाऊ. अठराले निघतो. जायच्या आधी ज्याचं ज्याचं मन दुखवलं, त्याची माफी मागा लागते. तुमच्या गाडीचे ब्रेक माह्या हातचे होते. सुदामचा पाय माह्यामुळं गेला. कहा-सुना माफ करा."

आणि हात जोडले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा माणूस.

मी म्हणालो, "जाऊ द्या रशीदभाई. माफ केलं."

सुदाम, माझा धाकटा भाऊ, खाटेवर बसून ऐकत होता. काठी घेतली, नकली पाय ओढत आत गेला, दार लावून घेतलं. र.भाई त्या दाराकडे पाहत राहिले. चहा तसाच ठेवून गेले.

लिहून टाकतो, नाहीतर आजही राहून जाईल. ब्रेक चांगले होते. इंजिन मी बंद केलं होतं.

४ मे, रविवार

कालची तारीख कोरी. लिहायला बसलो आणि उठलो.

गाडीबद्दल लिहायचं तर हात थांबत नाही. नाकवाला सहाचाकी, लाकडी बॉडी. स्टेअरिंग असं जड की पुसदपासून नांदेडपर्यंत नेली की खांदे दोन दिवस बोलायचे. इंजिनची धग कॅबिनमध्ये यायची, मे महिन्यात पायाला चटके. आता पोरं एका बोटाने स्टेअरिंग फिरवतात आणि वरून एसी मागतात. पण आमच्या तांड्यावरची ती पहिली गाडी. आणली त्या दिवशी याडीने, माझ्या आईने, तिला ओवाळलं होतं. आमचे पणजोबा बैलांवर मीठ लादून फिरायचे, मी ट्रकवर कापसाच्या गठाणी. टपरीवर हे सगळं मी शंभरदा सांगितलंय. घाटाची गोष्टही सांगितली आहे. ब्रेक फेल, तरी दरीत जाऊ दिली नाही, डोंगराला घासून थांबवली. लोक म्हणायचे, रामधनभाऊ, तुमीच म्हणून. आणि मी मान हलवायचो. लाज वाटते लिहायला, पण छाती फुगायची.

खरं असं झालं.

यवतमाळच्या जिनिंगमधून गठाणी भरल्या. दोनच दिवस आधी र.भाईंनी सगळ्या चाकांचे ब्रेक-लायनर नवे टाकले होते. पुसदचा घाट उतरताना मी नेहमीसारखी स्टॉपची तार ओढली, इंजिन बंद, गाडी न्यूट्रल. उतारावर डिझेल कशाला जाळायचं? सगळेच करायचे. करू नये हेही सगळ्यांना माहीत होतं, कारण ब्रेक हवेवर, आणि इंजिन बंद तर हवा भरत नाही. जेवढी टाकीत आहे तेवढीच. त्या दिवशी पुढे बैलगाड्या होत्या. दाब, सोड, दाब, सोड. हवेचा काटा खाली आला तेव्हा पाहिलं. पाय दाबला तर पॅडल नुसतं फुस्स. गियर टाकायला गेलो, दात खरखरले, पडेना.

डावी बाजू डोंगराला दिली. डाव्या बाजूला सुदाम जेवून डुलकी घेत होता. तेवीस वर्षांचा. लायसन्स हाती येऊन महिना झाला नव्हता.

थांबल्यावर तो ओरडत होता. मी आधी काय केलं?

उद्या लिहितो.

५ मे

आधी मी स्टॉपची तार आत ढकलली. मग गियर टाकून ठेवला. मग सुदामकडे वळलो.

कोणी पाहिलं तर इंजिन चालू होतं असं वाटावं म्हणून. भाऊ ओरडत असताना हे सुचलं. कसं सुचलं, अजून कळत नाही.

लोक जमले. मी म्हणालो, ब्रेक फेल झाले. कोणीतरी विचारलं, काम कोणाकडं केलं होतं? मी म्हणालो, परवाच, रशीदभाईकडं. बस. एवढंच बोललो. पुढचं लोकांनी केलं. महिनाभरात यवतमाळच्या स्टँडवर शेंबडं पोरही म्हणायला लागलं, रशीदचे लायनर नको रे बाबा.

७ मे, बुधवार

र.भाईंचा फोन. "सुदाम काही बोलला काय?"

"नाही अजून."

"त्याच्या माफीबिगर कसं जाऊ, भाऊ? पाय उचलत नाही माहा."

सुदामला सांगितलं. तो दुकानात बिस्किटांचे पुडे लावत होता. तांड्यावरचं हे छोटं दुकान त्याचं, बावीस वर्षांत त्याचं जग तेवढंच. ड्रायव्हर व्हायचं होतं त्याला, माझ्यासारखं. म्हणाला, "ते मक्केले जाऊन धुवून येईन. माहा पाय येते काय धुवून? भिया, तू मोठ्या मनाचा, तू कर माफ. मी नाही करत."

मोठ्या मनाचा. जेवण गेलं नाही.

९ मे, शुक्रवार

यवतमाळला जाऊन आलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. यष्टीत तीन तास वाक्य पाठ केलं.

गॅरेजमध्ये आता फक्त कमानीचं, म्हणजे स्प्रिंगचं काम. एक डंपर उभा होता, पट्टे काढून ठेवलेले. र.भाई नमाजला गेले होते. त्यांच्या पोराने, आसिफने, खुर्ची दिली. मी विचारलं, ब्रेकचं काम नाही करत? तो म्हणाला, "अब्बाने तवापासून ब्रेकले हात नाही लावला. गिऱ्हाईक आलं तं दुसऱ्याकडं धाडते. मलेही शिकवलं नाही."

र.भाई आले. मला पाहून खूप खुश झाले. घरी नेलं. भेटायला आलेल्या लोकांनी घर भरलेलं. सगळ्यांना सांगत होते, हे रामधनभाऊ, यांनी मले माफ केलं. एका म्हाताऱ्याने माझा हात धरून डोळ्याला लावला.

मग जरा बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, एक सांगू? लायनरचे रिवेट मी सोता मारले होते. एकएक मोजून. बावीस वर्षं तेच आठवून राह्यलो, कोणता ढिला राह्यला असन. सापडत नाही."

तेव्हाच बोलायचं होतं. एवढी सरळ जागा पुन्हा मिळायची नाही.

मी रूहअफजा प्यालो आणि निघालो. लोक होते, असं स्वतःला सांगतोय. लोक नसते तरी बोललो नसतो. भित्रा तो भित्राच.

१० मे

काही नाही. ऊन. बायको म्हणाली, "काहून असे तोंड पाडून बसता?" म्हटलं, उन्हाने.

१४ मे, बुधवार

आज जे झालं ते...

संध्याकाळी सुदाम आला, माझ्या खाटेवर बसला. म्हणाला, "भिया, चार दिवस विचार करून राह्यलो. तुही गाडी गेली, धंदा बसला, माह्या दवाखान्यात तू सहा महिने घातले. तरी तू त्या माणसाले माफ केलं. मंग मीच कायले गाठ धरून बसू? लाव फोन. बोलतो मी."

फोन माझ्या हातात. नंबर समोर. नुसतं बटण दाबायचं. सुदाम माफ करणार, र.भाई हलक्या मनाने जाणार, मी मोठ्या मनाचा तो मोठ्या मनाचाच राहणार. कोणाचंच काही बिघडत नव्हतं. मी खरंच अंगठा नेला.

मग म्हणालो, रेंज नाही.

दोन काड्या दिसत होत्या. सुदामने पाहिल्या की नाही, कळलं नाही. म्हणाला, "बरं, उद्या."

१५ मे, गुरुवार

सांगितलं.

सकाळी, दुकान उघडायच्या आधी. तो झाडत होता. उभ्या उभ्या सांगितलं, गोरमाटीतच, आमच्या बंजारा बोलीत. बंद इंजिन, संपलेली हवा, सगळं. पाठ केलेलं वाक्य एकही आठवलं नाही.

सुदाम झाडू धरून उभा राहिला. वाटलं ओरडेल, काठी उगारेल. उगारली असती तर बरं झालं असतं. मग त्याने एकच विचारलं. तार आत ढकलली ती मला बाहेर काढायच्या आधी की नंतर?

म्हणालो, आधी.

तो झाडायला लागला. झाडलेलीच जागा पुन्हा झाडत होता.

१६ मे

दुकान बंद. सुदाम आतल्या खोलीत. बायको ताट ठेवून आली, तसंच परत आलं. मला विचारते काय झालं. तिला सांगितलं. तिने माझ्या पुढ्यात ताट आदळलं. जेवलोही मी. भूक लागते, याचीही लाज वाटते.

र.भाईंचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत.

१७ मे, शनिवार

सुदाम सकाळच्या बसने गेला. धुतलेला सदरा घातला होता. कुठे, विचारलं. तो काठी टेकत फाट्याकडे चालू लागला. बसमध्ये चढवायला हात पुढे केला, तो दुसऱ्याचा खांदा धरून चढला.

साडेबाराला फोन. र.भाई.

"रामधनभाऊ, सुदाम आलाय. गॅरेजात माह्या समोर बसलाय. चहाही घेत नाही. मी माफी मागतो तं म्हणते, भियाले विचारा. काय विचारू, भाऊ? मले समजून नाही राह्यलं."

कडुलिंबाखाली उभा होतो. बाजूला कोणी नव्हतं.

म्हणालो, "रशीदभाई, ब्रेक चांगले होते. उतारावर मी इंजिन बंद केलं होतं."

तिकडे मागे कोणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग हळू आवाजात, "म्हणजे हवा संपली."

"हो."

"लायनर?"

"नवेकोरे होते. तुमचा एकही रिवेट ढिला नव्हता. मला ठाऊक होतं, रशीदभाई. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

त्यांनी आसिफला हाक मारली, हातोडा थांबव म्हणाले. मला म्हणाले, "थांबा भाऊ. आवाज मोठा करतो. इथं सारे मिस्त्री आहेत, ड्रायव्हरलोक आहेत. आता जे बोलले ते पुन्हा बोला."

पुन्हा सांगितलं. सगळं, तारेसकट. स्वतःचा आवाज तिकडच्या पत्र्यावर आपटून परत येत होता. संपल्यावर कोणीतरी खोकलं. फोन कट झाला. त्यांनी केला की रेंज गेली, माहीत नाही. मी परत लावला, उचलला नाही.

माफी मागायची राहिलीच. कबूल करण्यात सगळा दम गेला, माफीचा शब्दच तोंडात आला नाही. त्यांनी मात्र पहिल्याच वाक्यात मागितली होती.

उद्या सकाळी ते निघतात. यवतमाळहून इकडे शेवटची बस साडेसातला येते. आज फाट्यावर जाऊन उभा राहिलो. बस आली, चार माणसं उतरली, गेली. सुदाम नव्हता.