बाबा, दिल्लीत तारीख मागत नाहीत

प्रिय बाबा,

वस्तुस्थिती क्रमाने मांडते. तुम्हाला ती सवय कधीच नव्हती.

बोईसरचा वसंत जहाजावर आचारी होता. परदेशी बंदरात त्या जहाजावरच्या एका अधिकाऱ्याचा खून झाला. वसंत घरी परतल्यावर त्या देशाने त्याला आरोपी म्हणून मागितले आणि त्याची रवानगी दिल्लीच्या तुरुंगात झाली. त्याच्या बायकोने, अनिताने, तुमचे पाय धरले. तुम्ही वकीलपत्र घेतलेत. प्रत्यार्पणाचे खटले मी चालवते, हे ठाऊक असूनही मला विचारले नाहीत. मग तुम्ही गेलात. सोमवारी सुनावणी आहे आणि माझ्या वकीलपत्रावर वसंत सही करत नाही. म्हणून हे पत्र.

काल पालघरच्या बार रूममध्ये तुमची शोकसभा झाली. काय ती भाषणे! "तारीख घ्यावी तर साहेबांनीच! सासूबाई अत्यवस्थ म्हणून तारीख घेतली, आणि सासूबाई कधीच्याच वारलेल्या!" शोकसभेत हशा पिकला. बिचारी आजी! तुमच्या सोयीसाठी ती किती वेळा अत्यवस्थ झाली असेल?

पालघरात ते खपत होते. साक्षीदार कंटाळतो, बोईसरची खोली सोडून गावी जातो, शेवटी "आठवत नाही" म्हणतो. दिल्लीत साक्षीदार येतच नाही, बाबा. येतात ते कागद, आणि कागद कंटाळत नाहीत. त्यांवरून खटला उभा राहू शकतो का, एवढेच तिथे पाहतात. वसंतला त्या अधिकाऱ्याजवळ पाहिल्याचे त्या कागदांत एकही माणूस सांगत नाही! हे पहिल्याच दिवशी मांडायचे होते. तुम्ही काय केलेत? तारीख मागितलीत. ते कागद उघडले तरी होतेत का?

माझ्या कामाला तुम्ही 'टपालखाते' म्हणायचात. टपाल निदान वाचावे लागते.

आज सकाळी अनिताच्या खोलीवर गेले. कारखान्यातल्या पाळीवरून नुकतीच आली होती.

"ताई, साहेब बोललेले, घाई करायची नाय. तारखा पडू दे, केस आपोआप मरते."

"केस मरत नाही, अनिता. तुझा नवरा तिथे सडतोय."

"तुमी लय शिकलेल्या, ते खरं हाय. पन साहेब माज्या हातचं जेवून दिल्लीला गेलते. तुमी तर चायपन घेत नाय!"

मी चहा घेतला. अतिशय गोड होता.

"साहेबांनी कायतरी लिवून ठेवलंच असेल," ती म्हणाली. "त्यांच्या अक्षरात दाखवा, मग यांना सांगते सही करा."

दुपारभर तुमचे कपाट उपसले. मुद्दे नाहीत, टिपण नाही. प्रत्येक फायलीवर फक्त पुढची तारीख. इतक्या वर्षांच्या वकिलीत एक परिच्छेद लिहावासा वाटला नाही तुम्हाला? आणि अशा माणसाच्या शब्दावर ती बाई नवऱ्याला तुरुंगात ठेवायला तयार आहे! हा विश्वास तुम्ही कसा मिळवलात, हे मला खरोखरच कळत नाही. जेवून?

सही मिळाली, तर सोमवारी मी युक्तिवाद पूर्ण करीन. न्यायालयाने आपणहून पुढची तारीख देऊ केली, तरी घेणार नाही. हे वचन.

तुमच्याकडून एकच ओळ हवी: 'वसंता, मृणालला सही दे.' तुमच्या हस्ताक्षरात, सोमवारच्या आत. उत्तर लेखीच द्यावे. मुदतवाढ मिळणार नाही.

आपली कन्या,
ॲड. मृणाल