पाळण्यातला वरवंटा

१२ जून, रविवार

आज लातूरला आलो. निलंग्याहून सकाळची एसटी मिळाली, तीही खिडकीची जागा. सामान थोडंच: एक ट्रंक, पूजेचा डबा आणि पोत्यात बांधलेला पाटा-वरवंटा. कंडक्टरनं पोतं सरकवून पाहिलं आणि विचारलं, मामा, समदं गावच भरून आणलं का काय? गाडी हसली. मीही हसलो.

अमृतरावांची मेस शिकवणीच्या वस्तीत आहे. खाली स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल, वर त्यांचं घर. वस्तीभर पास झालेल्या पोरांचे फोटो लावलेत, निवडणुकीत उमेदवारांचे लावतात तसे. फक्त ही पोरं हसत नाहीत. मला स्वयंपाकघरामागची खोली दिली. खिडकी पूर्वेला आहे, पूजेला बरी. मागं अंगण आणि एक कडुनिंब.

पोळ्या-भाकरी करायला बानोबी म्हणून बाई आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी पोतं सोडलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, मिक्सर हाय की भाऊ, मंग फत्तर कायकू आणला? मी म्हणालो, चटणी खाल तेव्हा कळेल.

बरं वाटलं. पन्नाशीला आलेल्या माणसाला नवी जागा मिळणं ही देवाची कृपाच.

१९ जून

काम आता अंगवळणी पडलं. पहाटे अंघोळ, पूजा, मग पोहे. अकरापर्यंत वरण-भात, दोन भाज्या. एकशे साठ पानं. पोरं जेवताना वही उघडी ठेवतात, डाव्या हातानं पान उलटतात, उजव्यानं घास. काय खाल्लं ते त्यांना कळत नसावं.

चटणीचं मात्र कळतं. शेंगदाणे मंद भाजायचे, सालं पाखडायची, लसूण, तिखट, मीठ. मग पाट्यावर घ्यायचं आणि घाई करायची नाही. तेल सुटून पाटा चकाकायला लागला की झाली. मिक्सरमध्ये भुगा होतो, चटणी होत नाही. कंधारची एक मुलगी घरी जाताना डबीभर मागून घेऊन गेली. बानोबींनी बोट चाटून कबूल केलं, भाऊ, फत्तर में जान हाय.

३ जुलै

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. सिद्धेश्वराला जाऊन आलो, येताना गंजगोलाईच्या बाजारात एक चक्कर मारली. गर्दी बघत हिंडायला मला आवडतं. सगळे कुणाकडे तरी निघालेले असतात.

एकशे साठ लोक माझ्या हातचं जेवतात आणि एकालाही माझं नाव माहीत नाही. चटणीमामा म्हणतात. तक्रार नाही.

परत येऊन रेडिओवर भजनं ऐकली. वरवंटा धुतला, पुसला, उशाशी ठेवला. पाटा स्वयंपाकघरात राहतो. वरवंटा मी जवळ ठेवतो. जुनी सवय आहे.

७ ऑगस्ट

अमृतरावांची मुलगी आरती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला परवा मुलगी झाली. या घरात माझं नाव विचारणारी ती पहिली. तेव्हापासून सिद्धराममामा म्हणते. डोहाळे लागले होते तेव्हा रोज जिना उतरून यायची, वाटीभर चटणी मागायची आणि आईला सांगू नका म्हणायची.

आज तिची आई सिंधुताई खाली आल्या. बारसं सगळं रीतीनं करायचं म्हणाल्या. पाळण्याखालून फिरवायला वरवंटा पाहिजे. गल्लीत पंधरा घरं हिंडल्या. कुणाकडं नाही. एकीनं मिक्सरचं भांडं देऊ का विचारलं म्हणे. सांगताना त्याच हसत होत्या. मग म्हणाल्या, मामा, तुमचा देता का एका दिवसासाठी?

होय म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी बानोबींना मदतीला बसलो. पोळी गोल लाटली जाईना. बानोबींनी लाटणं काढून घेतलं.

१७ ऑगस्ट

बारसं झालं. हॉलमधली बाकं भिंतीला लावून मधे पाळणा टांगला. वरवंटा मीच धुतला, हळद-कुंकू लावलं, दुपट्यात गुंडाळला, टोपडं बांधलं. आमची आई कानडी मुलखातली. ती वरवंट्याला गुंडप्पा म्हणायची. गुंडप्पा आधी पाळण्यात जातो, बाळाची वाट दाखवतो, मग बाळ. एकीनं वरून द्यायचा, दुसरीनं खालून घ्यायचा. बायका गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत होत्या आणि वजनानं वाकत होत्या. एक म्हणाली, अगं बाई, कुण्या गावचा पैलवान हाय ह्यो!

बाळाचं नाव गिरिजा ठेवलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. खोलीत एकटाच दुपटं गुंडाळत होतो तेव्हा माझं तोंड त्या टोपड्याशी गेलं आणि मी एक नाव कुजबुजलो. एकोणतीस वर्षांत ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं. ठरवून केलं नाही. हातांना तशी सवय होती, हातांमागून तोंड गेलं.

दगड गार होता. नाव घेतल्यावर गार राहिला नाही.

२१ ऑगस्ट

आज लिहितोच. वहीला सांगायला काय हरकत?

आमचं गाव किल्लारीच्या बाजूला. आता जुन्या जागी नुसत्या बाभळी आहेत. मी वीस वर्षांचा होतो. गणपती बोळवून आलो त्या संध्याकाळी आमच्या मुलीचं बारसं केलं. तिच्या डाव्या कानापुढं ज्वारीच्या दाण्याएवढं मांस होतं. बायको, नीलम्मा, म्हणायची, देवानं डूल घालूनच पाठवली. आमच्याकडं त्या रात्री गुंडप्पाला बाळाशेजारी पाळण्यातच ठेवतात, बाळाला सोबत म्हणून. दोघांनाही दुपटी, दोघांनाही टोपडी.

पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन गरजली. अंधार, तोंडात माती. मी पाळण्यात हात घातला, गाठोडं छातीशी धरलं आणि उंबऱ्याबाहेर उडी टाकली. मागं मातीचं माळवद खाली बसलं. नीलम्मा आत होती. बाहेर मी ओरडत होतो, लेकरू वाचलं, लेकरू वाचलं. उजाडेपर्यंत मांडीवर घेऊन थोपटत होतो.

उजाडल्यावर शेजारच्या म्हातारीनं दुपटं उघडलं.

वरवंटा होता.

लोकांना सांगितलं, पाळण्यापर्यंत हातच पोचला नाही. म्हातारी त्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून हे मी आणि देव, दोघांनाच माहीत.

२ सप्टेंबर

बाळ रडायला लागलं की थांबत नाही. परवा सिंधुताईंना सुचलं आणि त्यांनी वरवंटा पाळण्यात ठेवला. लगेच गप्प झालं. आता दुपारी जेवणं उरकली की आरती येऊन वरवंटा घेऊन जाते, दिवेलागणीला परत आणून देते. म्हणते, मामा, तुमचा गुंडप्पा लई गुणाचा. माझ्या सासूपेक्षा बरा सांभाळतो.

मी हसलो. ती गेल्यावर खोली फार रिकामी वाटली.

९ सप्टेंबर

चटणी बिघडली. पोरं म्हणाली, मामा, शेंगदाणे आख्खेच लागतात. मी पुन्हा वाटायला बसलो. लसणाची पाकळी वरवंट्याखाली तशीच राहते. दाबलं तरी चिरडत नाही. मऊ गादीखाली ठेवावी तशी.

आणि वरवंटा हलका झालाय. नक्की हलका झालाय.

१४ सप्टेंबर

गिरिजाचं वजन चांगलं वाढलं म्हणून वर पेढे वाटले. मीही घ्यायला गेलो. आरतीनं तिला माझ्या हातात दिलं. माझे हात एकदम खाली गेले.

गार होती. रडली नाही. पापणी हलवली नाही. टाळूला लसणाचा वास येत होता. मी आरतीला म्हणालो, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, परवाच दाखवली, लई गुणी बाळ म्हणाले.

खाली येऊन वरवंटा धुतला. एका टोकाशी बोटाला काहीतरी लागलं. ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा.

एकोणतीस वर्षं हा दगड रोज धुतोय. तो नव्हता.

१९ सप्टेंबर, सोमवार

उपास. सिद्धेश्वरापुढं बसलो, पण मंत्र मधेच तुटतो. काय मागायचं तेच ठरेना. आरतीचं लेकरू सुखरूप राहू दे, असं मागायला हवं. मागितलं. पण त्याच्याखाली दुसरं एक मागणं होतं आणि देवाला तेही ऐकू गेलं असणार.

आज वरवंटा द्यायचा नाही असं ठरवलं होतं. आरती आली. सापडत नाही म्हणालो. तेवढ्यात खोलीतून आवाज आला. लहान, झोपेतून जागं होताना येतो तसा. आरतीला वाटलं मांजर. आत गेली आणि उशाशी ठेवलेला घेऊन गेली. एका हातानं. बारशाला दोघी बायका वाकत होत्या.

२४ सप्टेंबर

जमिनीतून गडगड येते. दुपारी दोनदा. ताटं वाजली. पोरांनी वह्यांवरनं डोकी वर केली, पुन्हा खाली घातली. अमृतराव म्हणाले, काही न्हाई हो, ट्रक गेला.

ट्रक नाही. मला तो आवाज माहीत आहे.

चटणी बंद केली. पाट्यावर आता काही ठेववत नाही. वरवंटा फिरवला की तो कण्हतो –

२७ सप्टेंबर

बानोबींना सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता. पहिल्यांदाच माणसाला सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी पिठाचे हात धुतले आणि डोक्यावर पदर घेतला. भाकरी जळाली.

मग म्हणाल्या, भाऊ, तुम्ही लेकीचं नाव दिलं म्हणून तो जागा झाला. एकाच पाळण्यात दोघी जगत न्हाईत. दिलं तसं नाव काढून घ्या. त्याच्या कानात सांगा, तू फत्तर हाय, तू माझी न्हाईस. सांगा आणि तुमच्या जुन्या गावात पुरून या.

तीस तारखेला गावी जातोच, दरवर्षी जातो. या वेळी वरवंटा घेऊन जाईन. रजा मागितली. आज संध्याकाळीच कानात सांगायचं.

संध्याकाळ झाली. सांगितलं नाही. मांडीवर घेतला आणि – ऊब होती. सांगता आलं नाही. उद्या.

२८ सप्टेंबर

आज गिरिजाचं अंग पाहिलं. तळपाय गुळगुळीत. बोटं एकमेकांना चिकटत चाललीत. आरतीला दिसत नाही. सिंधुताईंनाही नाही. म्हणतात, बाळसं धरलंय.

वेळ थोडा आहे.

आजही कानात सांगितलं नाही. देवा, मी वाईट माणूस नाही.

२९ सप्टेंबर, दुपार

अंगणात आहे. कडुनिंबाखाली. डाव्या हातानं लिहितोय. उजव्या हाताचं बोट मोकळं नाही –

आरती आज लवकरच वरवंटा घेऊन गेली होती. जेवणं चालू होती. जमीन गरजली. या वेळी मोठ्यानं. ताटं खाली पडली, पोरं दाराकडं धावली. मी उलटा जिन्याकडं पळालो. वर पाळणा एकटाच झोके घेत होता. आत दोन गाठोडी. दोन टोपडी. भरदुपार होती, लख्ख उजेड होता. या वेळी चुकायचं नव्हतं. मी हात लावून पाहिलं. एक गार, जड. एक ऊबदार. ऊबदार उचललं आणि धावलो.

घर पडलं नाही. भिंतीला नुसती चीर गेली. सगळे अंगणात आहेत, मोजदाद चालली आहे, कुणाला काही झालेलं नाही.

वाटलं, वाचवलं. एवढ्या वर्षांनी वाचवलं.

आरती आत्ता जिन्यानं उतरली. खांद्यावर गाठोडं. रडत हसत होती. मला बघून म्हणाली, मामा, तुम्ही दगड घेऊन पळालात की! गिरिजा माझ्यापाशी हाय.

ती थोपटते आहे. थोपटण्याचा आवाज येतोय. ठक. ठक. पाट्यावर हात मारावा तसा. तिला ऐकू येत नाही.

बानोबी दारात उभ्या. माझ्याकडं बघून मान हलवतात. सांगा, भाऊ. सांगा.

माझ्या मांडीवरचं दुपटं थोडं बाजूला केलं. डावा कान. कानापुढं ज्वारीचा दाणा.

आरती जवळ येते आहे. तिच्या हाताला आता वजन जाणवायला लागलंय, तिचा चेहरा बदलतोय, ती थांबली, दुपट्याची गाठ सोडते आहे –

एवढंच म्हणायचं आहे. तू दगड आहेस. तू माझी नाहीस. सहा शब्द. म्हणतो. आत्ता म्हणतो. तोंड कानाशी नेलं, तर तिनं डोळे उघडले. नीलम्माचे डोळे. माझं बोट घट्ट धरलंय. मी म्हणतोय, आरती, थांब, उघडू नको, मी म्हणतोय – तू – तू –