एक्कावन्नचा फरक

१२ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. नव्या घरात दोघं रुळला असाल. फोटो पाहिले. कोट तुला शोभतो, पण बाह्या लांब झाल्यात; शिंप्याला एकदा दाखव. मला लग्नाला येणं जमलं नाही, राग धरू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

बाबा माझ्याच हॉस्पिटलात आहेत. जिवावरचं टळलंय, हे आधी वाच आणि मग पुढचं.

तुझ्या लग्नाच्याच दिवशी सकाळी शेजारच्या काकांनी त्यांना आणलं. श्वास भात्यासारखा चाललेला, पोटात कळा, आणि "सगळं धुक्यात आहे गं" हे एकच पालुपद. माझ्या ज्युनियरने विचारलं, "मॅडम, हे घेतात का?" मी त्याच्यावर खेकसलेच. "इतक्या वर्षांत थेंब नाही. माझे वडील आहेत ते." तोंडाला वासही नव्हता.

रिपोर्ट आले. रक्तात आम्ल भयंकर वाढलेलं, पण साखर ठीक, किडनी ठीक. मग मी ऑस्मोलॅलिटी मागवली, म्हणजे रक्तात एकूण किती काय विरघळलंय त्याचं माप. सोडियमची दुप्पट, त्यात साखरेचा आणि युरियाचा वाटा, असा हिशेब आम्ही हातानेही करतो. माझा आला २८७. लॅबचं यंत्र रक्त गोठवून खरं माप काढतं. ते म्हणालं ३३८. दहाएकचा फरक चालतो. एक्कावन्न म्हणजे रक्तात असं काहीतरी आहे, जे आपण धरलेलंच नाही. मी बेरीज पुन्हा केली. रक्त पुन्हा पाठवलं. आपली चूक निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली डॉक्टर तू कधी पाहिली नसशील.

मग त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "बाबा, काय प्यालात?"

"पॉलिशचं स्पिरिट. काल संध्याकाळी."

तुम्हा दोघांसाठी ते आरशाचं टेबल करत होते. पॉलिशचा शेवटचा हात तेवढा राहिला होता.

"अहो, प्यायचीच होती तर दुकानं काय ओस पडली होती?"

"दुकानात कुणी पाहिलं असतं तर? पोरगा म्हणाला असता, बघा, मी सांगत नव्हतो?"

बारक्या, लग्नाआधी तू त्यांना फोनवर काय म्हणालास ते त्यांनी मला सांगितलं नाही. काकांनी सांगितलं. "तुम्ही येऊ नका, तिच्या माणसांपुढे तमाशा नको." लहानपणी तू काय काय पाहिलंस ते मला ठाऊक आहे, मीही त्याच घरात होते. तुला बोल लावायला बसलेले नाही. कुणाला लावावा तेच कळेना झालंय.

त्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असतं, ते आधी डोळ्यांवर जातं आणि मग जिवावर. त्या विषावरचं खास औषध शहरात कुठेच मिळेना. दुसरा उपाय जुना आहे: दारूच द्यायची. शरीर आधी तिच्या मागे लागतं, स्पिरिटचं विष व्हायचं लांबतं, तेवढ्यात डायलिसिस करून ते काढायचं. सिनियर मॅडमनी ठरवलं. नाकातून नळी घालायच्या आधी बाबांनी वास ओळखला. "नको गं, शपथ घातली होती तुझ्या आईने." मी त्यांचे पाय धरून "औषध आहे बाबा, औषध आहे" एवढंच म्हणत राहिले.

रक्त आता साफ आहे. फरक आठवर आलाय.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल पुन्हा तपासलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बाबांना ऊन अंगावर आलं की कळतं. ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं, बारक्या. काही करता येत नाही.

दार वाजलं की ते केस सारखे करतात. कोण आलं, असं विचारत नाहीत. काल वॉर्डबॉय चादर बदलायला आला, तर त्याचा हात घट्ट धरून बसले. त्या बिचाऱ्यानेही सोडवून घेतला नाही.

ये. आणि आलास की दारातूनच बोल. काहीही बोल, पण नुसता उभा राहू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई